चहा कुणाच्या हातचा?

1890च्या ऑक्टोबरात पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एक बैठक झाली आणि जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. हा सारा घाट घालणारे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे पती, यांना सनातनी आणि सुधारक या दोघांचीही फजिती करण्याची दांडगी हौस. त्यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि शहरात एकच गहजब उडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, प्रायश्चित्ते ठरली. आपण काशीला प्रायश्चित्त घेतले आहे, असे टिळकांनी सांगितले. रानड्यांनी 1892मध्ये ते घेतले, तेव्हा सुधारकांनीच त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. एका कपापायी दोन्हीकडून मार खाण्याचे भाग्य फार थोड्यांना लाभते!

आज या हकिकतीचे हसू येते. पण पाप त्या चहात नव्हतेच, ते चहा देणाऱ्या हातात होते. पुढे 1949च्या दारूबंदी कायद्याने पाप पेल्यात आणून ठेवले. त्या बंदीतून महाराष्ट्र पुष्कळ सैलावला असला, तरी कायदा शिल्लक आहे, आणि आरोग्य सांभाळण्यासाठी म्हणून दारूचा परवानाही मिळतो. हॉटेलांच्या पाट्यांवरचे ‘परमिट रूम’ हे शब्द त्याच काळाचे अवशेष आहेत. ज्या घरांत एके काळी बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून येत असे, तिथे आता ती दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, मुलांच्या बक्षिसांशेजारी, लेबल पुढे करून उभी असते. थर्टीफर्स्टला सोसायटीच्या गच्चीवर काय प्यायले जाते याची चौकशी कुणी करत नाही. रात्री दहानंतर स्पीकर वाजला, तरच तक्रार होते.

एवढ्यावरून आपण फार पुढारलो, असे म्हणायला मात्र माझी जीभ रेटत नाही. आमच्या ओळखीचे एक सद्गृहस्थ स्वतःच्या पेल्यात बर्फ टाकता टाकता, पार्टीला निघालेल्या मुलीला विचारत होते, “कोण कोण येणार आहे?” तिने चार-पाच नावे सांगितली. त्यांतल्या एका नावाशी ते थबकले आणि म्हणाले, “याचं आडनाव काय?”