दीडशे मिनिटांचा सिनेमा एकशे चव्वेचाळीसात कसा संपतो

जुन्या मराठी सिनेमाची डीव्हीडी लावावी, लावणी सुरू व्हावी, आणि पेटीवर सूर धरायला जावं तर तो सापडतच नाही. काळी एक लावली तर गाणं वर जातं, पांढरी दोन लावली तर खाली राहतं. ढोलकीही जरा घाईतच असते. डिस्क खराब नसते, प्लेअरही बरा असतो. सिनेमाच पळवलेला असतो.

बोलपट पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेमने चालतो. आपला डीव्हीडीच्या काळातला टीव्ही पाल पद्धतीचा (भिंतीवरची नव्हे), ५० हर्ट्झ विजेच्या हिशोबाने आखलेला, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम. फिल्म टेपवर उतरवताना सोपा मार्ग एकच: २४च्या जागी २५ने चालवा. वेग ४.१७ टक्क्यांनी वाढतो. १२० मात्रांची लय १२५ होते, १५० मिनिटांचा सिनेमा १४४ मिनिटांत आटोपतो, आणि सूर सुमारे ७१ सेंट चढतो. एका स्वरातून शेजारच्या पट्टीवर जायला १०० सेंट लागतात, म्हणून हे गाणं दोन पट्ट्यांच्या मध्ये लोंबकळतं.

पण सूर चढलेला वाटला म्हणून लगेच वेग कमी करायला बसू नये. आधी सेन्सॉरचं सर्टिफिकेट बघावं. सिनेमाच्या सुरुवातीला ते दिसतं त्या क्षणी पॉज करा. त्यावर लांबी मीटरमध्ये असते, जुन्यांवर फुटांत. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे मिनिटाला ९० फूट किंवा २७.४३ मीटर. समजा सर्टिफिकेटवर ४११५ मीटर आहे. भागिले २७.४३, उत्तर १५० मिनिटं. डिस्कवरचा सिनेमा १४४ मिनिटांचा निघाला तर गुणोत्तर ०.९६, चोर सापडला. १५० किंवा त्याच्या आसपास निघाला तर वेगाला हात लावू नका. गुणोत्तर ०.९६पेक्षाही बरंच कमी आलं तर बहुधा एखादं गाणं कापलेलं आहे. हा उद्योग व्हीसीडीवाल्यांनी भरपूर केला. कंपनीची जाहिरात आणि ट्रेलर मोजणीतून वगळायला विसरू नका. व्हिडिओसाठी घेतलेलं वेगळं सर्टिफिकेट या कामाला चालत नाही, फूट किंवा मीटर लिहिलेलंच हवं.

सर्टिफिकेट कापलेलं असेल तर ट्यूनर अ‍ॅप घ्या. एका गाण्यावरून काही ठरत नाही, कारण तानपुरा गायकाच्या गळ्याप्रमाणे लागतो. पण डिस्कवरच्या सगळ्याच गाण्यांचा सा कुठल्या ना कुठल्या पट्टीच्या साधारण ३० सेंट खाली दिसत असेल, तर खुशाल संशय घ्यावा. कोल्हापूरच्या देवल क्लबात गाणी ऐकून मुरलेल्या कानाला अ‍ॅपही लागणार नाही.

आता फ्रेम बघायच्या. व्हीएलसी प्लेअरमध्ये, कॅमेरा आडवा फिरतोय असा प्रसंग निवडून ‘ई’ची कळ दाबत एकेक फ्रेम पुढे जा. प्रत्येक फ्रेम स्वच्छ आणि वेगळी असेल तर साधा पळवलेला पाल आहे, काम सोपं. पंचवीस फ्रेममध्ये एक फ्रेम हुबेहूब आधीच्यासारखी असेल तर तिथे सिनेमा पळवलेलाच नाही, सेकंदाला एक फ्रेम दोनदा दाखवून २५ भरलेत. कालावधी आणि सूर दोन्ही बरोबर असतात, फक्त दर सेकंदाला बारीक हिसका बसतो. याचा वेग कमी केला तर बरा असलेला आवाज बिघडवून ठेवाल. प्रत्येक पाच फ्रेमपैकी दोनमध्ये कंगव्यासारखे दाते दिसले तर डिस्क एनटीएससी (अमेरिका-जपानची टीव्ही पद्धत) आहे. तिचा सिनेमा २३.९७६ने चालतो आणि १५० मिनिटांत फक्त ९ सेकंद लांबतो, सूर जागेवरच असतो. मात्र पालच्या टेपवरून बनवलेल्या एनटीएससी डिस्कही बाजारात आहेत. पाकिटावर एनटीएससी, आत १४४ मिनिटं, आणि फ्रेममध्ये दोन चित्रांची भुतं एकमेकांत मिसळलेली. त्यांचा आवाज दुरुस्त होतो, चित्र पूर्ण सुधारत नाही.

साध्या पळवलेल्या डिस्कची दुरुस्ती अशी. स्वतःच्या डीव्हीडीतून मेकएमकेव्हीने फाइल काढा. व्हीसीडी असेल तर तिची डॅट फाइल व्हीसीडीगियरने एमपीजी करून घ्या. चित्राला पुन्हा एन्कोड करायची गरज नाही. एमकेव्हीटूलनिक्समध्ये व्हिडिओ ट्रॅक निवडून डिफॉल्ट ड्युरेशनच्या चौकटीत २४पी लिहा, तेवढ्यानेच फ्रेम हळू चालतात. हँडब्रेकमध्ये फ्रेम रेट २४ करणं म्हणजे हे नव्हे. तो दर सेकंदाला एक फ्रेम फेकून देतो, कालावधी १४४ मिनिटंच राहतो आणि चालीत हिसका येतो तो वेगळाच. ही चूक फार होते.

आवाजाचं काम ऑडॅसिटीत. डीव्हीडीचा एसी३ आवाज उघडायला एफएफएमपेग लायब्ररी जोडलेली लागते. ट्रॅकच्या मेनूत रेट ४८०००च्या जागी ४६०८० लिहा (४८०००चे ०.९६ पट). लय आणि सूर एकदमच खाली येतात, कुठलाही इफेक्ट न लावता. प्रोजेक्ट रेट ४८०००च ठेवून फ्लॅकमध्ये एक्स्पोर्ट करा. घरचा टीव्ही फ्लॅक घेत नसेल तर एसी३मध्ये. व्हीसीडीचा आवाज ४४१००चा असतो, तिथे आकडा ४२३३६. काही डिस्कवर लांबी कमी पण सूर बरोबर असा प्रकार भेटतो, म्हणजे सूर आधीच कुणीतरी खाली आणलेला आहे. तिथे रेटला हात न लावता चेंज टेम्पोमध्ये उणे ४ टक्के.

मग एमकेव्हीटूलनिक्समध्येच नवा आवाज आणि २४चा व्हिडिओ एकत्र बांधा. सबटायटल आणि चॅप्टरना स्ट्रेचच्या चौकटीत २५/२४ द्या. आवाजाला मात्र तिथून स्ट्रेच देऊ नका. तो खेचला जात नाही, त्याच्या तुकड्यांमध्ये नुसत्या फटी पडतात आणि गाणं तडतडतं.

ओठ आणि शब्द सुरुवातीला, मध्यंतरापाशी आणि शेवटी असे तीनदा जुळवून बघा. फरक हळूहळू वाढत जाऊन शेवटी ९ सेकंदांचा झाला तर एकाला २४ आणि दुसऱ्याला २३.९७६ दिलंय. फरक सगळीकडे सारखाच असेल तर ट्रॅकला तेवढा डिले पुरतो. मधेच एका जागी उडी दिसली तर व्हीसीडीचा पहिला-दुसरा भाग जोडताना सांधा चुकलाय.

फाइल बनवायचीच नसेल तर एमपीव्ही प्लेअरमध्ये स्पीड ०.९६ ठेवून ऑडिओ पिच करेक्शन बंद करा. ते चालू राहिलं तर लय उतरते, सूर चढलेलाच राहतो. आणि टीव्ही फक्त ५० हर्ट्झवर चालणारा असेल तर दुरुस्त केलेली फाइल किंचित अडखळते. तिथे आवाज खरा हवा की चाल गुळगुळीत, एवढंच निवडायचं. लावण्यांचा सिनेमा असेल तर आवाजच निवडावा.

हा सगळा हिशोब बोलपटांचा. १९२९ला कोल्हापुरात सुरू झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३२ला ‘अयोध्येचा राजा’ काढला तो आवाजासह, म्हणून तिथून पुढे २४चा आकडा धरता येतो. त्याआधी बाबूराव पेंटरांनी स्वतः घडवलेल्या कॅमेऱ्याचा काळ, म्हणजे हाताने फिरवायची मूठ. त्या मूकपटांना एकच खरा वेग नाही, एकाच सिनेमात दोन प्रसंगांचा वेगळा असू शकतो. डिफॉल्ट ड्युरेशनमध्ये १६पी लिहून सुरुवात करा आणि एकेकाने वाढवत जा. माणसांची चाल फसवते, कारण नट मुद्दाम लगबग करतो. घोड्याची दौड, पदराची फडफड आणि वरून पडणारं पाणी बघा. पाणी नेहमीसारखं पडलं की आकडा लिहून ठेवा आणि पुढच्या प्रसंगासाठी पुन्हा तपासा.