पेन्सिलची रेघ

जिमखान्याचं मागणीपत्रक परत आलं. रिंग टेनिससाठी, म्हणजे जाळ्यावरून कडं फेकायच्या-झेलायच्या खेळासाठी, मागितलेल्या 'रबरी रिंगा, ६ नग' या ओळीवर पेन्सिलने रेघ आणि शेजारी 'स्पर्धा नाही'. बाकी सगळं मंजूर. बास्केटबॉलच्या जाळ्या, दोन थ्रोबॉल, रस्सीखेचीचा नवा दोर, कॅरमची पावडरसुद्धा. पावडर मंजूर आणि रिंगा नामंजूर, हे दुपारपासून डोक्यातून जात नाहीये. लाल शाईने खोडलं असतं तर भांडता आलं असतं. पेन्सिलशी काय भांडणार?

स्पर्धा नाही हे खरंच, निदान आपल्या मुली जातात तिथे तरी. रिंग टेनिसची पहिली जागतिक स्पर्धा २००६ साली चेन्नईला झाली, हे मॅडमना सांगून झालंय. "चेन्नईला ना?" म्हणाल्या. पुढचं नको लिहायला.

मधल्या सुट्टीत डबा खाऊन जेमतेम वीस मिनिटं उरतात. थ्रोबॉलला एका बाजूला सात जणी लागतात. चौदा गोळा होईपर्यंत घंटा. रिंगला दोघी पुरतात. ओढणी कमरेला बांधायची, चपला कडेला काढायच्या, झालं. आखणीचीही फार यातायात नाही. बॅडमिंटनच्या १३.४ बाय ६.१ मीटरमध्ये आपलं १२.२ बाय ५.५ आरामात बसतं. मागून ६० सेंटिमीटर आत यायचं, बाजूंनी ३०. कर्ण १३.३८ भरला की कोपरे काटकोनात आले समजायचं. जाळं मात्र १.५५ वरून १.८ मीटरपर्यंत चढवायलाच हवं. खालीच राहिलं तर मुली रिंग सरळ समोरचीच्या अंगावर मारायला लागतात. जाळ्याच्या दोन्हीकडे साधारण ९० सेंटिमीटरवर एकेक रेघ. त्या पट्ट्यात रिंग पडली तर चूक टाकणारीची. फक्की सगळ्यात आधी तिथलीच उडते, कारण सगळ्यांचे पाय तिथेच.

नव्या मुलीची रिंग हवेत डगमगते, आणि डगमगली की गुण गेला. कारण बहुतेकदा एकच, खांद्यातून फेकतात. अंगठा वर, बोटं खाली, तर्जनी कडेला टेकलेली, कोपर अंगाजवळ आणि झटका मनगटाचा. सुटताना रिंग किंचित वर जायला हवी, खाली आपटायची नाही. झेल एका हाताने, अंगाला न लावता, आणि त्याच हाताने लगेच परत. ताठ बोटांनी झेलायला गेलं की करंगळी मुरगळते. हात रिंगेबरोबर मागे न्यायचा असतो, हे सांगून येत नाही, दोन-तीनदा लागलं की येतं.

सहा नग म्हणजे काही चैन नव्हती. रबर उन्हात राहिलं की कडक होतं, मग तडकतं. खिळ्याला अडकवून ठेवलं की रिंग लांबट होते, आणि लांबट रिंग कितीही चांगल्या मनगटाने टाका, डगमगणारच. मुलीला वाटतं आपल्यालाच जमत नाही. आडव्या ठेवायच्या, फळीवर, सावलीत. मावशींना हे पाठ आहे. पेन्सिलवाल्यांना... जाऊ दे.

साठ्याची वही उघडली होती रागाने, पुरावा काढायला. बास्केटबॉल न्यायचा तर ओळखपत्र, सही, वेळ. संघाचा सराव असेल तर नाहीच. रिंगांच्या रकान्यात एकही सही नाही. पेटी उघडीच असते, मुली घेतात, आणून ठेवतात. उद्या स्पर्धा सुरू झाली तर संघ येणार, निवड येणार, पेटीला कुलूप येणार. चौघी खेळतील आणि बाकीच्या कठड्यावर बसून टाळ्या वाजवतील. निवडीत कधीच न बसणाऱ्या मुलींचं मागणीपत्रक कोण... असो. 'स्पर्धा नाही' असं लिहून त्यांनी खेळावर उपकारच केलेत म्हणायचे. रेघ लागली ती लागलीच, पण.

शिवाय हा खेळ मुळात जहाजांच्या डेकवरचा, आणि तिथे कडं दोराचं असायचं. रबर नंतरचं. रस्सीखेचीचा जुना दोर कपाटामागे पडून आहे. त्याचा एकच पेड सोडवायचा, साधारण १६० सेंटिमीटर. ४४ सेंटिमीटर घेराचं कडं करून तोच पेड मूळ पिळाच्या खाचेत आणखी दोनदा फिरवायचा. उरलेली टोकं अर्धी गाठ मारून आत खुपसायची. पीळ सोडवताना सैल पडू दिला तर कडं फुगतं आणि खाच सापडत नाही, एवढंच सांभाळायचं. वरून सुती पट्टी गुंडाळली नाही तर तळहात सोलतात. रबरापेक्षा थोडं जड होईल, होऊ दे.

नवा दोर मंजूर आहेच. रस्सीखेचीला स्पर्धा आहे ना.