इतिहासात एमए, मग पुढे?

इतिहास घेतला म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, मग शिकवणार का? शिकवायच्या जागा किती निघतात हे त्यालाही माहीत असतं आणि आपल्यालाही. मग समजूत घातल्यासारखं कोणीतरी म्हणतं की म्युझियममध्ये बघ, हेरिटेज वॉक घे, रील्स कर, पब्लिक हिस्टरीला, म्हणजे वर्गाबाहेर लोकांसाठी केलेल्या इतिहासाच्या कामाला, म्हणे खूप स्कोप आहे. स्कोप आहेच हो, पण मला वाटतं आपण तो भलत्याच ठिकाणी शोधतोय.

पब्लिक हिस्टरी या नावाचा कोर्स सुरू झाला १९७६ ला, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा कॅम्पसवर. तो सुरू करणारे रॉबर्ट केली हे प्राध्यापक पाणीहक्काच्या आणि पुराच्या खटल्यांमध्ये एक्सपर्ट म्हणून साक्ष द्यायचे. म्हणजे हे सगळं उभं राहिलं त्यामागे गोष्टी सांगायची हौस कमी आणि कोर्टकज्जे जास्त, आणि नेमकं हेच करिअर गाइडन्सवाले कधी सांगत नाहीत.

पुढचंही बघा. अमेरिकेत १९८० ला सुपरफंड कायदा आला, विषारी कचऱ्याने नासलेली जागा साफ करायचा खर्च ज्याने घाण केली त्याच्याकडून वसूल करायचा. आता कित्येक वर्षांपूर्वी तिथे कुठला कारखाना होता, मालक कोण, ती कंपनी पुढे कोणी गिळली, हे शोधणार कोण? जुने नकाशे, विम्याची कागदपत्रं, पिवळा पडलेला पत्रव्यवहार चाळायची सवय असलेला माणूसच ना! न्यूझीलंडमध्ये तिथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे माओरींच्या, सरकारविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं वैतांगी ट्रिब्युनल १९७५ चं, पण १९८५ ला त्याला थेट १८४० च्या करारापासूनच्या तक्रारी ऐकायचा अधिकार मिळाला आणि त्या दाव्यांसाठी इतिहासकारांनी रिपोर्टवर रिपोर्ट लिहिले. ऑस्ट्रेलियात १९९२ च्या माबो निकालात कोर्टाने आदिवासींचा जमिनीवरचा मूळ हक्क मान्य केला आणि त्यानंतर त्यांच्या जमीनहक्काच्या दाव्यांमध्येही इतिहासकारांना साक्षीला बोलावलं जायला लागलं. या सगळ्यात पैसे मिळतात ते ‘काय झालं ते कागदावरून सिद्ध करून दे’ याचे.

म्हणूनच एआयने मला तशी भीती वाटत नाही, म्हणजे वाटते पण वेगळ्या कारणाने. सुरस लेख आता कुठलंही मशीन पाडतं आणि वर नसलेले संदर्भसुद्धा बिनधास्त ठोकून देतं, त्यामुळे तपासणारा माणूस लागणारच. पण ट्रान्सक्रिबससारखी टूल्स जुनं हस्ताक्षर वाचायला लागलीत आणि हस्ताक्षर वाचणं, याद्या करणं, कॅटलॉग भरणं ही तर नवख्यांची कामं होती, त्यातूनच नजर तयार व्हायची. ती कामंच गेली तर मशीनची चूक पकडणारा माणूस तयार कुठे होणार? याचं उत्तर मला कुठल्याच विभागाकडे दिसत नाही.

म्युझियमबद्दल पण एक. तिथे आपल्याला हवं ते मांडता येतं असं समजून जाऊ नका. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संस्थेच्या विमान संग्रहालयात हिरोशिमावर बॉम्ब टाकणाऱ्या एनोला गे विमानाचं प्रदर्शन व्हायचं होतं, त्यात बॉम्बने होरपळलेल्यांची बाजूही येणार म्हणून माजी सैनिकांच्या संघटना भडकल्या, मूळ प्रदर्शन रद्द झालं आणि संचालकांना राजीनामा द्यावा लागला. त्यामुळे पुरावे मांडण्याइतकंच चिडलेल्या लोकांसमोर शांत बसून ऐकून घेणं हेही या नोकरीतलंच काम आहे आणि वर्गात ते कोणी शिकवत नाही. बिनपगारी इंटर्नशिपबद्दल तर बोलायलाच नको, ती परवडणारे कोण असतात ते सगळ्यांना दिसतं.

ज्यांना खरंच यात यायचंय त्यांनी डिग्री चालू असतानाच एखादं छोटं काम पूर्ण करून ठेवा. एखाद्या बंद पडलेल्या संस्थेचे कागद लावून त्यांची नीट यादी, नाहीतर थोड्याशाच मौखिक मुलाखती, पण रेकॉर्डिंग, अनुक्रमणिका आणि बोलणाऱ्याची लेखी परवानगी यासकट. परवानगी आधीच घ्या, नंतर माणूस सापडत नाही आणि ती टेप कुठलंच अर्काइव्ह लोकांसाठी खुली करायला धजत नाही.