शून्य म्हणजे बरोबर

काल रात्री साडेअकराला माझ्या टेस्ट बोर्डाने खोट्या डिजिटल सहीचं फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, मुकाट्याने स्वीकारलं. स्क्रीनवर ‘सही जुळली’ अशी ओळ उमटली आणि मी खुर्चीतून उठलेच. तपासणीचा तो कोड माझा होता, दोनदा रिव्ह्यू होऊन गेलेला.

विजेचा झटका देऊन तपासणी चुकवायचं हे वेड डोक्यात शिरलं ते मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स 360 या गेम कन्सोलमुळे. 2005 सालचं यंत्र, पण बंदोबस्त कडेकोट. बूटलोडरचा, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या कोडचा, एकेक टप्पा पुढच्याचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) तपासणार, जुळला तरच पुढे जाणार. प्रोसेसरच्या आत ईफ्यूज, म्हणजे चिपमधले बारीक फ्यूज; एकदा जळला की जळला, म्हणजे भोक असलेल्या जुन्या आवृत्तीवर परतायची वाटच बंद. 2011 मध्ये ‘रीसेट ग्लिच’ हा हल्ला आला आणि त्याने हॅशच्या या गणिताला हातही लावला नाही. प्रोसेसरचा वेग मुद्दाम कितीतरी पट कमी करायचा आणि हॅशची तुलना चालू असताना नेमक्या क्षणी रीसेटच्या वायरवर झटका द्यायचा, नॅनोसेकंदांत मोजावा इतका छोटा. तेवढ्याने प्रोसेसर रीसेट होत नाही, नुसता गांगरतो, आणि तुलनेचं फंक्शन ‘फरक नाही’ असं सांगत शून्य घेऊन परततं. नाही जमलं तर यंत्र पुन्हा सुरू, पुन्हा झटका.

सोनीच्या प्लेस्टेशन 3 कन्सोलमध्ये गणितच हुकलं होतं. सहीसाठी दर वेळी नवा हवा असलेला यादृच्छिक आकडा तोच तो वापरला गेला, आणि डिसेंबर 2010 मध्ये फेलओव्हरफ्लो या हॅकर गटाने त्यावरून खाजगी किल्ली, म्हणजे सही करायचा गुप्त आकडा, कशी निघते ते जाहीर मांडलं. त्या चुकीवर बोट तरी ठेवता येतं. मला 360 जास्त छळतं, कारण तुलनेची ती ओळ कितीही वेळा वाचली तरी बरोबरच आहे.

माझ्या बोर्डावर मी वीजपुरवठ्याची पिन मॉसफेटने, म्हणजे एका इलेक्ट्रॉनिक स्विचने, क्षणभर ग्राउंडला टेकवत होते. ऑसिलोस्कोपवर व्होल्टेजच्या रेघेत एक बारीकशी खाच दिसायची, बस. तिचा नेमका क्षण चार तास पुढे-मागे सरकवत बसले तेव्हा कुठे जमलं. मग लक्षात आलं की मी ‘बरोबर’साठी शून्य निवडलं होतं. झटक्याने प्रोसेसरची एखादी इन्स्ट्रक्शन गळाली, रजिस्टर (आकडा ठेवायचा त्याचा कप्पा) भरायचं राहिलं, की बहुतेक वेळा हाती शून्यच उरतं. यशासाठी सर्वात सहज पडणारा आकडा मीच ठेवला होता!

एक्सबॉक्स वन या पुढच्या कन्सोलच्या सुरक्षेवर मायक्रोसॉफ्टच्या टोनी चेन यांचं 2019 चं भाषण आहे. त्यात हल्लेखोर म्हणजे खुद्द यंत्राचा मालक, हे आधीच धरलेलं आहे. यंत्र त्याच्या घरात, स्क्रू ड्रायव्हर त्याच्या हातात, आणि वेळ हवा तेवढा. मी मात्र इतकी वर्षं नेटवर्कवरून येणाऱ्या हल्लेखोरालाच डोळ्यांसमोर ठेवून लिहीत आले.

आज ‘बरोबर’साठी लांबलचक आकडा घेतला, ‘चूक’साठी त्याचे सगळे बिट उलटे केले, तुलना दोनदा लावली आणि मध्ये कमीजास्त होणारी उसंत ठेवली. स्क्रिप्ट सकाळपासून झटके देतेय. अजून एकदाही आत शिरता आलेलं नाही. दुपारी एकदा बोर्ड मध्येच गोठला, तो का, हे आता बघायला बसतेय.