नान्नजच्या माळावर, फुरशापासून दोन मीटरवर

मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की सोलापूरचा माळ जागा होतो. मित्राच्या मामांचं रान नान्नजच्या बाजूला आहे, शहरापासून बार्शी रस्त्यानं वीसेक किलोमीटर. सापांचे फोटो काढायला मुक्काम तिथंच टाकला. माळढोक अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय पाय ठेवायचा नाही आणि रात्री तर विषयच नाही, त्यामुळं जे काही केलं ते अभयारण्याबाहेर, मालकाच्या संमतीनं. माळढोक दिसेल या आशेनं मात्र कुणी येऊ नका. काळवीट दिसतात, तेवढ्यावर समाधान माना.

पहिल्या संध्याकाळी काहीच नाही. नुसते विंचू आणि घामाच्या धारा.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला बांधाच्या कडेनं चाललो होतो. मामा पुढं, हातात काठी. एकदम थांबले आणि म्हणाले, "ऐका." तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसा आवाज येत होता. मुरमाच्या ढिगाशी फुरसं, म्हणजे छोटा पण विषारी साप, वेटोळं घालून बसलं होतं. वेटोळी एकमेकांवर घासून ते हा आवाज काढतं, तोंडानं नव्हे. लांबी जेमतेम हातभर, रंग मुरमाचाच. डोक्यावर बाणासारखी फिकट खूण आणि डोळ्याची बाहुली उभी, मांजरासारखी. आवाज झाला नसता तर माझा पाय तिथंच पडला असता, हे खोटं बोलत नाही.

मी गुडघ्यावर बसलो, ७०-३०० ची झूम लेन्स ३०० वर नेली. दोन मीटरवरून वेटोळं अर्धी फ्रेम भरतं, आणखी जवळ जायची गरजच नाही. मित्रानं बाजूनं बॅटरी धरली. चार-पाच फोटो झाले. डोळा नीट येईना म्हणून जरा पुढं, मग अजून जरा... आणि खांद्यावर मामांची थाप पडली. "सर, मागं सरा की. कुठं निघालाव?" डोळा कॅमेऱ्यातून काढून पाहिलं तर अंतर निम्म्यावर आलं होतं. मला पत्ताच नव्हता. कॅमेऱ्याला डोळा लागला की गुडघे आपले राहत नाहीत.

मग मामांनी काठी माझ्या गुडघ्यांसमोर आडवी टाकली. "ह्याच्या पलीकडं न्हाई." इथं जाणाऱ्या प्रत्येकानं एवढं एक तरी करावं. काठी नसेल तर दोरी टाका, दगडांची ओळ मांडा. आणि एक माणूस असा हवा ज्याच्या हातात कॅमेरा नाही, त्याचं काम फक्त साप आणि तुमचे गुडघे बघणं. फुरशाला दोन मीटर ठीक, पण घोणस दिसली तर तीनच्या आत जाऊ नका. ती कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते, तेव्हा आपण आधीच जास्त जवळ आलेलो असतो. अगदी जवळून फोटो काढायची मॅक्रो लेन्स घरी ठेवा. मोबाईल तर खिशातच. मोबाईलवाला नेहमी जवळ जातो.

घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट घाला, चप्पल नको. दगड उलथायचे नाहीत, बिळात बॅटरी मारायची नाही, काठीनं साप 'पोझ'मध्ये आणायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सापांनाही लागू आहे, पकडणं-छेडणं गुन्हा ठरतो. फोटो टाकताना नेमकी जागा सांगू नका.

आणि रानात जमिनीवर झोपू नका. मण्यार रात्रीच हिंडते, तिचा दंश फारसा दुखतही नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. आम्ही बाजेवर मच्छरदाणी लावून, तिच्या कडा गादीखाली खोचून झोपलो. कुणाला चावलंच तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून आवळायचं नाही. दंश झालेला भाग हलू न देता थेट दवाखाना, १०८ ला फोन. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविषाची लस चालते, त्यामुळं साप मारून सोबत न्यायची गरज नाही. निघायच्या आधीच जवळचं सरकारी रुग्णालय कुठलं आणि तिथं लस आहे का, हे विचारून ठेवा. आम्ही हे दुसऱ्या दिवशी विचारलं, म्हणजे उशिराच.

फुरसं पंधरा-वीस मिनिटांनी तिरकं सरपटत ढिगामागं गेलं. मी बॅग उचलायला वाकलो तर मामा पुन्हा ओरडले. त्यांनी आधी काठीनं बॅग उलटी केली, दोनदा आपटली, मगच माझ्या हातात दिली.