हायकूला दोन ओळी जोडल्या की तांका होतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून: नाही होत. वंशावळ उलटी आहे. ५-७-५-७-७ असा पाच ओळींचा, ३१ ओन्‌चा (ओन् म्हणजे जपानीत उच्चार मोजायचं एकक) तांका आधीचा; ८व्या शतकातल्या 'मान्योशू' या जपानी काव्यसंग्रहात बहुतेक कविता याच घाटाच्या. पुढे वरच्या तीन ओळी एकाने आणि खालच्या दोन दुसऱ्याने रचायच्या, अशी रेंगा नावाची साखळी-कविता आली. तिचा पहिला तुकडा सुटा झाला, त्याचा हायकू झाला. खालच्या दोन ओळी म्हणजे मागाहून लावलेलं शेपूट नव्हे. माणूस बहुधा तिथेच आत येतो.

९व्या शतकातली कवयित्री ओनो नो कोमाची घ्या. फुलांचा रंग उडाला, उगाचच. लांबलेल्या पावसाकडे बघत मी बसून राहिले, तेवढ्यात. मूळ जपानीत यातलं 'मी' येतं ते नेमकं चौथ्या ओळीत. शिवाय 'फुरु' म्हणजे पाऊस पडणं आणि वय होत जाणंही. 'नागामे' म्हणजे लांबलेला पाऊस आणि शून्यात बघत बसणं. आपल्या भाषेत श्लेष. अनुवादात तो हमखास मरतो. मराठीकडे निदान 'सर' आहे: सरी आल्या, वर्षं सरली. अनुवादकांनी हा धागा ओढून बघायला हवा.

लिहिताना फसतं तेही चौथ्या ओळीतच. 'तसंच माझं आयुष्य' लिहिलंत की वरचं फूल नुसतं दाखल्यापुरतं उरतं. 'जणू', 'विरह', 'दुःख' खोडून वाचा. तरी अर्थ लागला, तर ते शब्द नकोच होते. नाही लागला, तर वरच्या तीन ओळींत डोळ्यांनी पाहिलेलं काही नाही; दुरुस्ती तिथे करा.

मोजणीचं म्हणाल, तर ओन् म्हणजे आपलं अक्षर नव्हे. 'तांका' आपल्याला दोन अक्षरं, जपानीत तीन ओन्: ता, न्, का. मराठीत सरळ अक्षरं मोजा, ओवी-अभंगाने कान तयार आहेच. मात्रा मोजायला गेलात, तर पाचाच्या ओळीत 'पाऊस' एवढा एकच शब्द मावेल.

आणि एखादं अक्षर वाढलं म्हणून वाक्य मुरगळू नका. जपानी कवी साइतो मोकिचीच्या 'शाक्को' (१९१३) संग्रहात शेवटच्या घटका मोजणाऱ्या आईवर कविता आहेत. त्यातली एक: लाल गळ्याच्या दोन पाकोळ्या तुळईवर बसल्यात, आणि आई जाते आहे. दुःखाचा शब्द नाही. दुसरी आणि चौथी ओळ आठ-आठची, एकूण ओन् ३३.