पाच एमएल

रात्री सव्वादहाला फोन वाजला तेव्हा वॉर्डातला राऊंड संपवून मी जेमतेम टेकले होते. फोन हॉस्टेलपासूनच्या मैत्रिणीचा. तिची लेक अजून दोन वर्षांचीही नाही.

"अगं, सकाळपासून सात वेळा उलटी झाली. दुपारपासून जुलाबही. आता पाणीसुद्धा टिकत नाहीये. घरात उलटीचं सिरप आहे, किती देऊ?"

विचारायचं ते सगळं विचारलं, असं मला तेव्हा वाटलं. उलटी हिरवी आहे का? रक्त? पोट फुगलंय का? कुठे डोक्यावर पडली होती का? शेवटची लघवी कधी झाली? संध्याकाळी सहाला, थोडी. बाकी उत्तरंही बरी होती. सिरपचं नाव तिने बाटलीवरून वाचलं: ऑन्डान्सेट्रॉन. ते ऐकून मला हायसंच वाटलं. उलटीवर मेटोक्लोप्रमाइड दिलेलं एक पोर मी पूर्वी पाहिलंय. मान एका बाजूला वळलेली, डोळे वर चढलेले, आणि घरचे फिट आली म्हणून धावत आलेले. तसलं काही या औषधात सहसा होत नाही. वजन किती? अकरा किलो.

"पाच एमएल दे. एकदाच."

पावणेबाराला ते दोघं कॅज्युअल्टीत होते. पोरगी बापाच्या खांद्यावर, हात लोंबते. हाक मारली की डोळे किलकिले करायची आणि पुन्हा मिटायची.

"तुम्ही सांगितलंत तसंच दिलं," तो म्हणाला. "दहा मिनिटांत सगळं बाहेर आलं, म्हणून परत एकदा दिलं."

यात त्याचं फारसं चुकलं नव्हतं. औषध पोटात जाऊन पंधरा मिनिटं व्हायच्या आत उलटी झाली तर एकदा पुन्हा देतातच. पण दहा मिनिटांत उलटी का झाली? तहानेने कासावीस झाली होती, म्हणून औषधाच्या पाठोपाठ पेलाभर पाणी पाजलं होतं. औषधाला लागू व्हायला पंधरा-वीस मिनिटं, कधी अर्धा तासही लागतो. तोवर पोटाला गप्प बसू द्यायचं असतं. हे मी फोनवर सांगितलं नव्हतं.

मग त्याने खिशातून बाटली काढून दिली. औषध तेच. पण लेबलवर लिहिलं होतं: प्रत्येक ५ एमएलमध्ये ४ मिलिग्रॅम. आमच्या वॉर्डातल्या बाटलीत ५ एमएलमध्ये २ मिलिग्रॅम असतं, आणि "पाच एमएल" म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर तीच बाटली होती. ही कोणीतरी दुसऱ्या देशातून येताना आणलेली. दोन्ही ताकदीच्या बाटल्या जगात मिळतात. अकरा किलोच्या मुलाला २ मिलिग्रॅम पुरतं. मी नकळत चार सांगितलं होतं.

"मोजलं कशाने?"

"चमच्याने. जेवणाच्या."

सिरिंजमध्ये पाणी घेऊन मी आमच्या डब्यातल्या चमच्यात सोडून पाहिलं. काठोकाठ सात एमएल बसलं. म्हणजे वाईटात वाईट धरलं तर दोन वेळचं मिळून ११ मिलिग्रॅम. त्यातलं उलटीतून किती गेलं, ते कोण सांगणार? मी ईसीजीचं मशीन मागवलं. हे औषध जास्त झालं तर हृदयाच्या ठोक्याची विद्युत लय लांबू शकते, ईसीजीवर ज्याला क्यूटी म्हणतात ते अंतर वाढतं. त्यात जुलाब-उलट्यांनी पोटॅशियम घसरलेलं असलं तर धोका आणखी. माझं सगळं डोकं त्या एका बाटलीत अडकलं होतं.

तेवढ्यात सिस्टर मागून म्हणाल्या, "मॅडम, शुगर ४८."

मी सांगायच्या आधीच त्यांनी बोटाला टोचून पाहिलं होतं. सकाळपासून पोरीच्या पोटात काहीच टिकलं नव्हतं. लहान मुलांच्या शरीरात साखरेचा साठा मुळात थोडा, तो दिवसभरात संपतो आणि मूल असं मलूल होऊन पडतं. हिरव्या उलटीचं मी विचारलं, डोक्यावर पडल्याचं विचारलं. शेवटचं खाल्लं कधी, एवढं साधं विचारलं नव्हतं. शिरेतून १० टक्क्यांचं ग्लुकोज २२ एमएल दिलं. दहा मिनिटांत तिने डोळे उघडले, सुई टोचलेल्या हाताकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं. मैत्रीणही रडायला लागली. ईसीजी नॉर्मल होता. औषध रक्तात पूर्ण चढायला तास-दोन तास लागतात, म्हणून दोन तासांनी पुन्हा काढला. तोही ठीक. पोटॅशियम ३.२ आलं, किंचित कमी.

ग्लुकोजची पुढची सलाइन हळू चालू ठेवली होती. आता तोंडाने सुरू करायचं होतं. मी ओआरएसचं एक पाकीट लिटरभर पाण्यात विरघळवलं, ५ एमएलची सिरिंज बापाच्या हातात दिली आणि भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. दर दोन मिनिटांनी एक सिरिंज, गालाच्या आतल्या बाजूला, हळूहळू. घशात पिचकारी मारायची नाही.

"एवढ्याशाने काय होणार?"

"तासाला दीडशे एमएल होतं. पेलाभर पाजून परत काढण्यापेक्षा बरं."

त्याने मनातल्या मनात हिशेब केला असावा, कारण नंतर तो काही बोलला नाही. पहाटेपर्यंत त्याने एकही खेप चुकवली नाही. मैत्रीण खुर्चीतच झोपली. मधे दोनदा जुलाब झाले आणि तो घाबरून उठला. सिरप लागू पडलं नाही का? मी सांगितलं, ते जुलाबांचं औषधच नाही. आतडं चिडलं की तिथून सेरोटोनिन सुटतं, ते नसेमार्फत मेंदूला उलटी करायला सांगतं. सिरप तेवढा निरोप अडवतं. जुलाब चालूच राहतात, काही मुलांना उलट थोडे वाढतात. उलट्या थांबलेल्या त्या काही तासांत आपण पाणी भरून घ्यायचं असतं. आणि ते आपण घेतोच आहोत की, मी सिरिंजकडे बोट दाखवून म्हटलं.

साडेपाचला डायपर जड लागला. सिस्टरांनी तो काट्यावर ठेवून आकडा लिहिला.

घरी सोडताना मी उरलेली बाटली ठेवून घेतली आणि २ मिलिग्रॅमवाल्या बाटलीची मात्रा लिहून दिली, मिलिग्रॅममध्येही आणि एमएलमध्येही, सोबत एक सिरिंज. गरज पडली तर फक्त एकदा, आणि तेही मला विचारून. मैत्रीण म्हणाली, "अगं, चूक आमचीच, लेबल वाचायला हवं होतं." मी मान हलवली, पण होकाराची की नकाराची, ते तिला कळलं नसावं.

ते गेल्यावर केस पेपर पुढे ओढला. आदल्या रात्रीच्या नोंदीत 'पालकांनी घरी जास्त मात्रा दिली' असं माझ्याच अक्षरात होतं. त्यावर एक रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'फोनवर सल्ला ५ एमएल. बाटलीवरची मात्रा विचारली नाही. मोजमापाचं साधन विचारलं नाही.' सही केली, वेळ टाकली, सकाळी ७.४०.